एकच किल्ली, हजार कुलपं

'एईएस-२५६' हे शब्द कानावर पडले की खरेदी विभागातला माणूस सैल होतो. मी हे बघितलंय. डेमो चालू असतो, स्लाइडवर एक निळं कुलूप असतं, खाली लिहिलेलं असतं की तुमचा डेटा डिस्कवरही एन्क्रिप्टेड आणि नेटवर्कवरही एन्क्रिप्टेड. समोरचा माणूस आपल्या एक्सेल शीटमध्ये 'एन्क्रिप्शन' या ओळीपुढे 'होय' लिहितो आणि पुढच्या ओळीवर जातो. पुढची ओळ बहुतेक वेळा किमतीची असते. या कुलपाची किल्ली कुठे ठेवली आहे, हा प्रश्न मी त्या खोलीत एकदाही ऐकलेला नाही.

मला त्या न विचारलेल्या प्रश्नावरून भांडायचं आहे. कारण बऱ्याच स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये त्याचं खरं उत्तर 'प्रॉडक्टच्या आतच' असं असतं. कोडमध्ये एक ओळ, त्यात सोळा किंवा बत्तीस बाइट्स, आणि जगभरातल्या प्रत्येक ग्राहकाकडे तेच बाइट्स. याला आमच्या धंद्यात 'हार्डकोडेड की' म्हणतात आणि शक्यतो हळू आवाजात म्हणतात.

समजा, तुम्ही वाकडला फ्लॅट घेतला. बिल्डरनं दाराला झकास कुलूप बसवून दिलं, ड्रिल मशीननंही फुटणार नाही असं. नंतर कळलं की वाकडपासून वाघोलीपर्यंत त्याच्या सगळ्या स्कीममधल्या सगळ्या दारांना एकच किल्ली लागते, आणि ती प्रत्येक फ्लॅटच्या मीटर बॉक्समध्ये चिकटपट्टीनं चिकटवून ठेवलेली आहे. आता चोराला तुमचं कुलूप फोडायची गरजच नाही. तो रीतसर एक फ्लॅट भाड्यानं घेईल, मीटर बॉक्स उघडेल आणि निवांतपणे तुमच्याकडे येईल. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर भाडंही भरावं लागत नाही. तीस दिवसांची ट्रायल फुकट डाउनलोड होते.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाचा एक भाषेचा प्राध्यापक होता. त्यानं १८८३ साली एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहून ठेवलं की सांकेतिक लिपीची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित काय ते किल्लीत असावं आणि किल्ली हवी तेव्हा बदलता यावी. आमच्या इंजिनीअरिंगच्या पेपरला हे पाच मार्कांना यायचं, सगळे लिहायचे, सगळ्यांना मार्क मिळायचे. हार्डकोडेड किल्ली या दोन्ही अटी एका फटक्यात मोडते. ती गुपित राहत नाही, कारण ती प्रत्येक इन्स्टॉलरबरोबर घरपोच जाते. आणि ती बदलता येत नाही, कारण ती बदलायची तर कंपनीनं नवीन व्हर्जन काढायला हवं आणि प्रत्येक ग्राहकानं ते चढवायला हवं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर ग्लॅडिनेटची गोष्ट ऐका. ही अमेरिकी कंपनी सेंटरस्टॅक आणि ट्रायोफॉक्स नावाची दोन प्रॉडक्ट्स विकते. तुमच्या ऑफिसातला फाइल सर्व्हर आहे तिथेच ठेवायचा आणि लोकांना मात्र तो बाहेरून, ड्राइव्हसारखा वापरता यावा, अशी ती सोय. म्हणजे यात ठेवलेल्या असतात त्या कंपनीच्या खऱ्याखुऱ्या फाइली. करार, पगारपत्रकं, रुग्णांचे रिपोर्ट.

मार्च २०२५ मध्ये सेंटरस्टॅकवर हल्ले सुरू झाले. कारण निघालं 'मशीनकी'. डॉटनेटवर चालणारी वेबसाइट पानाची थोडी माहिती ब्राउझरकडे पाठवते आणि परत घेते. परत आलेली माहिती आपणच पाठवली होती, मधे कुणी हात लावलेला नाही, याची खात्री सर्व्हर मशीनकीनं केलेली सही तपासून करतो. सही जुळली की सर्व्हर ती माहिती विश्वासानं उलगडतो. त्या उलगडण्यातच हल्लेखोराला आपला कोड चालवता येतो, फक्त सही जुळली पाहिजे. सेंटरस्टॅकच्या इन्स्टॉलेशनमध्ये ही किल्ली आधीच लिहून दिलेली होती आणि सगळीकडे तीच होती. ज्यानं एक प्रत उघडून बघितली, तो सगळ्यांच्या सर्व्हरच्या नावानं सही करू शकत होता. ही चूक सीव्हीई-२०२५-३०४०६ या क्रमांकानं नोंदली गेली. एप्रिलच्या सुरुवातीला दुरुस्ती आली: आता प्रत्येक इन्स्टॉलेशनची मशीनकी वेगळी तयार होणार. छान.

डिसेंबर २०२५ मध्ये हंट्रेस या सुरक्षा कंपनीनं त्याच प्रॉडक्टबद्दल पुन्हा लिहिलं. यावेळी किल्ली दुसरी होती. फाइल डाउनलोड करण्यासाठी हे सॉफ्टवेअर एक एन्क्रिप्टेड तिकीट बनवतं. त्यात युजरचं नाव, पासवर्ड, फाइलचा पत्ता आणि वेळ असते. हे तिकीट ज्या एईएस किल्लीनं बंद केलं जातं, ती एका डीएलएलमधल्या फंक्शनमधून येत होती. फंक्शनचं नाव मोठं भारदस्त, किल्ली 'जनरेट' करणारं. प्रत्यक्षात ते काहीच जनरेट करत नव्हतं. आत शंभर-शंभर बाइट्सचे दोन ठरलेले मजकूर होते, एक चिनी आणि एक जपानी, आणि त्यांतूनच दर वेळी तीच किल्ली निघायची. हल्लेखोरांनी स्वतःची तिकिटं छापली. नावाची आणि पासवर्डची जागा रिकामी सोडली, तर सर्व्हर स्वतःच्याच ओळखीनं फाइल उघडून द्यायचा. वेळेच्या रकान्यात त्यांनी ९९९९ साल टाकलं, म्हणजे तिकीट कधी संपायलाच नको.

आणि या तिकिटावर त्यांनी मागितली कोणती फाइल? वेब डॉट कॉन्फिग. म्हणजे जिच्यात एप्रिलच्या दुरुस्तीनंतर तयार झालेली, प्रत्येक ग्राहकाची वेगळी, नवीकोरी मशीनकी ठेवलेली होती. ती हातात आली की पुन्हा मार्चचाच खेळ. एका हार्डकोडेड किल्लीवर केलेला उपाय दुसऱ्या हार्डकोडेड किल्लीनं उघडला. १० डिसेंबरपर्यंत हंट्रेसला अशा नऊ संस्था सापडल्या होत्या.

मला यातली राग आणणारी गोष्ट दुसरी किल्ली सापडली ही नाही. एप्रिलमध्ये घर पेटलं होतं, आणि तरीही पुढचे आठ महिने 'आपल्या कोडमध्ये अशा अजून किती किल्ल्या आहेत?' या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या जगाला कंपनीच्या आधी मिळालं, ही आहे. शोधायला किती वेळ लागतो? एक दुपार.

ग्लॅडिनेटला एकटीला झोडपून मला थांबायचं नाही, कारण ही छोटी कंपनी आहे आणि मोठ्यांचा इतिहास काही वेगळा नाही. २०१० साली एचपीच्या पी२००० या स्टोरेजमध्ये एक छुपं अ‍ॅडमिन खातं सापडलं. ते युजरच्या यादीत दिसायचं नाही आणि ग्राहकाला काढूनही टाकता यायचं नाही. २०१३ साली त्याच कंपनीच्या स्टोअरवन्स या बॅकअप यंत्रात 'एचपीसपोर्ट' नावाचं खातं निघालं, सात अक्षरी पासवर्डचं. वेस्टर्न डिजिटलच्या मायक्लाउडमध्ये असंच एक आतलं खातं होतं, जे डी-लिंकच्या एका उपकरणातही होतं. डी-लिंकनं ते २०१४ मध्ये काढलं. वेस्टर्न डिजिटलचं जगजाहीर झालं जानेवारी २०१८ मध्ये. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या रॅन्समवेअरनं क्यूनॅपच्या असंख्य खोक्यांमधल्या फाइली सेव्हन-झिपमध्ये कोंबून पासवर्ड लावला. आत शिरायला वाट मिळाली ती क्यूनॅपच्या बॅकअप अ‍ॅपमधल्या हार्डकोडेड ओळखीमुळे. पुन्हा वाचा: बॅकअप अ‍ॅपमुळे. लोकांनी जे घेतलं होतं वाचण्यासाठी, त्यानंच बुडवलं.

पासवर्ड वेगळा आणि क्रिप्टोग्राफिक किल्ली वेगळी, हे मला मान्य आहे. कमकुवतपणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत दोन्हींना वेगळे क्रमांक आहेत, किल्लीचा ३२१. पण कूळ एकच.

सगळ्यात आवडती माझी किल्ली मात्र फोर्टिनेटची. फायरवॉलच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेतला की त्यातले पासवर्ड एन्क्रिप्ट व्हायचे, आणि त्यासाठीची किल्ली होती कोकरू पाळणाऱ्या मुलीच्या त्या जगप्रसिद्ध इंग्रजी बालगीताची पहिली सोळा अक्षरं. शेवटचा शब्द अर्ध्यात तुटलेला, कारण सतरावं अक्षर बसत नव्हतं. कोट्यवधींच्या उलाढालीची सिक्युरिटी कंपनी, आणि किल्ली नर्सरीच्या वर्गातली! ही चूक २०१९ ला नोंदली गेली, तीव्रता 'मध्यम', दहापैकी साडेसहा. स्वतःची किल्ली लावायची सोय आली, पण ती ग्राहकानं स्वतःहून चालू करायची. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या संस्थेनं ती 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या' चुकांच्या यादीत घातली. सहा वर्षांनी. मध्यम म्हणे.

आता आपल्या गावाकडे येऊ. स्टोरेज आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर लिहिणारी मोठी जमात पुण्यात राहते. व्हेरिटास नव्वदच्या दशकापासून इथे होती, ड्रुवा २००८ मध्ये इथेच सुरू झाली, आणि त्यांच्याभोवती हजारो इंजिनीअर याच कामात वाढले. मीही त्यातलीच. जगातल्या कुठल्यातरी बँकेचा रात्रीचा बॅकअप ज्या कोडवर चालतो, तो बाणेरच्या एखाद्या सहाव्या मजल्यावर लिहिलेला असण्याची शक्यता चांगलीच आहे. म्हणून ही बाहेरच्यांची भानगड नाही.

माझ्या आधीच्या नोकरीत, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, मला एका फाइलमध्ये अशीच किल्ली सापडली. वर कॉमेंट होती: 'रिलीजच्या आधी बदलणे'. तारीख बघितली तर मी तेव्हा नववीत होते. लिहिणारा माणूस कंपनी सोडून युगं लोटली होती. सिक्युरिटी स्कॅनर दर आठवड्याला त्या ओळीवर बोट ठेवायचा आणि कुणीतरी केव्हातरी त्याला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणून गप्प केलं होतं. मी तिकीट काढलं. लीड माणूस वाईट नव्हता, त्यानं मला कॉफी मशीनपाशी गाठलं आणि म्हणाला, "अगं, बरोबर आहे तुझं. पण हे आत्ता काढलं तर अपग्रेड तुटेल. आणि आपलं प्रॉडक्ट कुठे इंटरनेटवर असतं?" तिकिटाचा प्राधान्यक्रम खाली गेला, त्यावर शेरा पडला 'ग्राहकावर परिणाम नाही'. दोन वर्षांनी मी नोकरी सोडली तेव्हा तिकीट उघडंच होतं.

त्या दोन वाक्यांत आमच्या धंद्याच्या सगळ्या सबबी येतात, त्यामुळे त्या नीट सोलून बघू.

'इंटरनेटवर नसतं' ही सबब दहा वर्षांपूर्वी अर्धी खरी होती. आज रॅन्समवेअर टोळी तुमच्या नेटवर्कमध्ये शिरते ती कुणाच्यातरी लॅपटॉपमधून, आणि शिरल्यावर सगळ्यात आधी शोधते ती बॅकअप सर्व्हर. कारण साधं आहे. बॅकअप शाबूत असेल तर खंडणी कोण देईल? शिवाय बॅकअप सॉफ्टवेअरला सगळीकडे पोचावं लागतं. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीनं, मेल सर्व्हर, क्लाउडचं खातं, या सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या पोटात असतात. ते पासवर्ड कशानं बंद केलेले असतात? त्याच किल्लीनं. घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या एका डब्यात, आणि त्या डब्याची किल्ली जगजाहीर.

'बायनरीत कोण बघतंय' ही दुसरी. बघणाऱ्यांची कमी नाही. 'स्ट्रिंग्ज' ही कमांड कॉलेजातल्या पोरांना येते. घिड्रा हे रिव्हर्स इंजिनीअरिंगचं साधन अमेरिकेच्या एनएसएनं २०१९ मध्ये फुकट वाटलं. डॉटनेट आणि जावाचा कोड तर उलगडला की जवळजवळ मूळ कोडसारखाच दिसतो, कॉमेंट्स तेवढ्या नसतात. किल्लीचे तुकडे करून चार फाइलींत लपवणारे महाभागही मी पाहिलेत. ते तुकडे जोडणारं फंक्शन त्यांनी पाचव्या फाइलीत लिहिलेलं असतं. त्याचं नाव वाचूनच कळतं की कुठे जायचं.

पण 'अपग्रेड तुटेल' ही सबब नाही, ही खरी अडचण आहे, आणि ती हसण्यावारी नेणारे लोक बहुधा असं प्रॉडक्ट कधी चालवलेलं नसतात. ग्राहकाकडे सात वर्षांचा डेटा जुन्या किल्लीनं बंद केलेला आहे. नव्या व्हर्जनला तो वाचता आला पाहिजे. रात्री दोनला सर्व्हर रीस्टार्ट झाला तर किल्ली टाइप करायला माणूस बसलेला नसतो. तीन सर्व्हरचं क्लस्टर असेल तर तिघांकडे किल्ली सारखीच हवी. आणि ग्राहकानं किल्ली हरवली तर तो सपोर्टला फोन करून रडणार. हे सगळं खरं.

आणि हे सगळं सुटलेलंही आहे. इन्स्टॉलेशनच्या वेळी यादृच्छिक किल्ली तयार करा. ती विंडोजवर डीपीएपीआयच्या किंवा मशीनमधल्या टीपीएम चिपच्या हवाली करा. मोठ्या ग्राहकाकडे स्वतःचा की सर्व्हर असतो, त्याच्याशी केएमआयपीवर बोला. क्लस्टरमध्ये नवा सर्व्हर सामील होताना किल्ली सुरक्षित मार्गानं त्याच्याकडे द्या. प्रत्येक बंद केलेल्या माहितीपुढे किल्लीचा क्रमांक लिहा. अपग्रेडनंतर जुनी किल्ली फक्त वाचण्यापुरती ठेवा, वाचलेलं नव्या किल्लीनं पुन्हा बंद करा, सगळं संपलं की जुनी फेकून द्या. यात संशोधन नाही. एका रिलीजचं कंटाळवाणं काम आहे, ज्याचा डेमो देता येत नाही. रोडमॅपवर त्याच्यापुढे डार्क मोड असतो.

कुणी म्हणेल, त्या मशीनचा ताबा मिळाला तर यादृच्छिक किल्लीही वाचता येईलच की. येईल. पण मग चोरानं एक घर फोडलेलं असेल, गाव नाही. पुढच्या ग्राहकासाठी त्याला पुन्हा पहिल्यापासून घाम गाळावा लागेल. मुद्दा एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

शिवाय पॅच आला म्हणजे सुटलो, असंही नसतं. गेल्या पाच वर्षांत बाहेर गेलेल्या बॅकअप फाइली जुन्याच किल्लीनं बंद आहेत. कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये, ईमेलच्या अटॅचमेंटमध्ये, किंवा चोराच्या डिस्कवर. त्या आजही उघडतात. त्यातले पासवर्ड बदलल्याशिवाय पॅचला अर्थ नाही, आणि हे वाक्य कंपनीच्या पत्रकात असलंच तर बारीक टायपात असतं.

मग कंपन्या हे काम करत का नाहीत? कारण बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. कुणी कळवायची? जिच्याकडे घटना घडली त्या संस्थेनं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कुणाला? ज्यानं लोकांचा डेटा गोळा केला त्याला. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेला, हॉस्पिटलला, पतसंस्थेला. त्यांच्या आयटी विभागात दोन माणसं असतात, त्यातलं एक प्रिंटर दुरुस्त करत असतं. त्यांनी पैसे मोजून सॉफ्टवेअर घेतलं, एक्सेलमध्ये 'होय' लिहिलं, आणि किल्ली विकणाऱ्यानंच रस्त्यावर टाकलेली होती. विकणाऱ्याच्या लायसन्स करारात मात्र 'आहे तसं' हे शब्द ठळक असतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

युरोपनं हा हिशेब उलटा करायला घेतलाय. तिथला सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यात जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. दंड दीड कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. माझी पैज आहे की पुण्यातली कित्येक जुनी तिकिटं २०२७ च्या आधी अचानक वर सरकतील. ग्राहक कोल्हापूरचा असतो तेव्हा 'परिणाम नाही', आणि फ्रँकफर्टचा झाला की स्प्रिंटमध्ये जागा निघते. मला हे अपमानास्पद वाटतं. आपणच लिहितो, आपलीच माणसं वापरतात, आणि आपल्याच माणसांसाठी दुरुस्ती करायला ब्रसेल्सचा बडगा लागतो.

हा कायदा इथे यायला हवा, आणि तोपर्यंत 'हार्डकोडेड की' सापडली तर तिला बग म्हणणं बंद करायला हवं. बग म्हणजे करायचं एक होतं आणि झालं भलतंच. इथे कुणीतरी ठरवून किल्ली लिहिली, कुणीतरी रिव्ह्यूमध्ये होकार दिला, कुणीतरी स्कॅनर गप्प केला, आणि मग कुणीतरी स्लाइडवर निळं कुलूप चिकटवलं. शेवटच्या पायरीवर तर ही सरळ सरळ ग्राहकाची फसवणूक आहे. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण 'त्याच्या दुधात बग आहे' असं म्हणत नाही.

तुम्ही खरेदीच्या बाजूला असाल, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी एखाद्या बँकेत, कॉलेजात, हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळत असेल, तर एक चाचणी सांगते. तिला कोड वाचता यावा लागत नाही. दोन वेगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर ताजं इन्स्टॉल करा. पहिल्यावर एखाद्या टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड भरा, कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करा, ती फाइल दुसऱ्या मशीनवर इम्पोर्ट करा. दुसऱ्या मशीननं कुठलीही किल्ली किंवा पासफ्रेज न मागता थेट त्या डेटाबेसला जोडून दाखवलं, तर किल्ली एक तर त्या फाइलमध्ये आहे किंवा प्रॉडक्टमध्ये आहे. मग विक्रेत्याला लेखी विचारा, दोन्हींपैकी कुठे. तोंडी नको, ईमेलवर. उत्तर यायला किती दिवस लागतात ते मोजा, आणि तेवढे दिवस पर्चेस ऑर्डरवर सही करू नका.